तेजोबाबांचा थेंब

आंधळ्यांना दिसायला लागलं ही बातमी खरी की खोटी, हे बघायला डोळसांचीच गर्दी जास्त झाली होती. बंद पडलेल्या थिएटरबाहेर सकाळी आठला सुरू झालेली रांग औषधाच्या दुकानाला वळसा घालून पेट्रोल पंपापर्यंत पोचली होती. कुणी आईला हाताला धरून आणलं होतं, कुणी सासऱ्याला खुर्चीसकट उचलून. ज्यांच्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं तेही आले होते, कारण शेजारचे आले होते. आत पंखे बंद, दारांना काळे पडदे, आणि स्टेजवर एकच मिणमिणता दिवा.

त्या दिव्याशेजारी तेजोबाबा उभे होते. पांढरी कफनी, छातीपर्यंत दाढी, हातात चांदीची नाजूक कुपी.

“डॉक्टर काय करतो?” बाबांनी माइकमध्ये विचारलं. “डॉक्टर कापतो. आणि आम्ही?”

“उजळतो!” पुढच्या दहा रांगा एका सुरात ओरडल्या. हे आधी घोटून घेतलेलं असणार.

“मोतीबिंदू कुठून येतो? मागच्या जन्मी जे बघू नये ते बघितलं, त्याची साय या जन्मी डोळ्यावर धरते. सायीला सुरी कशाला? तेज पुरतं. एक तेजोबिंदू आणि अर्धा तास ध्यान. मधेच डोळे उघडाल तर तेज वाया गेलं म्हणून समजा. मग आमच्याकडे तक्रार घेऊन यायचं नाही.”

शेवटच्या रांगेमागे भिंतीला टेकून एक बाई उभी होती. गळ्यात पत्र्याचा डबा, डब्यावर रंगाने काढलेला उघडा डोळा. सरकारी दवाखान्यात ती डोळे तपासून चष्म्याचे नंबर लिहून द्यायची, म्हणून गावात तिला सगळे चष्मेवाली ताई म्हणत. डबा होता दृष्टी निधीचा. आजूबाजूच्या वस्त्यांत ज्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन परवडत नाही, त्यांच्यासाठी वर्षातून एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांची फिरती गाडी बोलवायची आणि चार दिवस शिबिर घ्यायचं, एवढंच त्या निधीचं काम. त्यासाठी ताई पाच वर्षं दारोदार फिरत होती. लोक तिला लांबून बघूनच दुकानाच्या आतल्या खोलीत जात.

अर्धा तास संपला. बाबांनी टाळी वाजवली आणि स्टेजवरच्या वीस जणांनी डोळे उघडले. निवृत्त पोस्टमनकाका चाचपडत उठले. समोरच्या अंधाऱ्या भिंतीकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं, “बाहेर... जाण्याचा... मार्ग.”

थिएटर हललं. बायका रडायला लागल्या. पोस्टमनकाका पुन्हा पुन्हा तेच वाचत राहिले आणि दर वेळी टाळ्या पडत राहिल्या.

ताईच्या यादीत पोस्टमनकाका चौथ्या नंबरवर होते. महिन्यापूर्वी तिनेच त्यांना तपासलं होतं, तेव्हा त्यांना तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा दिसलं नव्हतं. आज त्यांना दिसत होतं, हे तिलाही नाकारता येईना. हीच तर पंचाईत होती. ते नाटक करत असते तर तिला एवढा राग आला नसता.

तेवढ्यात शीतगृहाचे शेठ स्टेजवर चढले. या वर्षीच्या शिबिरासाठी लागणाऱ्या भिंगांचा सगळा खर्च त्यांनी कबूल केला होता. मोतीबिंदू काढला की त्या जागी डोळ्यात बसवायचं ते भिंग. शेठनी माइक हातात घेतला, डोळे पुसले, आणि ते पैसे आपण बाबांच्या ज्योतीनिधीला देत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या थांबेचनात. ताईच्या शेजारच्या माणसाने तिच्या डब्याकडे बघितलं आणि तो जरा बाजूला सरकला.

दुसऱ्या दिवशी ती शेठच्या ऑफिसात गेली. शीतगृहाच्या त्या खोलीत उन्हाळ्यातही स्वेटर घालून बसावं लागे.

“बाई, तुमच्याबद्दल मला फार आदर आहे,” शेठ म्हणाले. काम होणार नाही हे तिला तिथेच कळलं.

“शेठ, बेचाळीस माणसं यादीत आहेत. शिबिर तीन आठवड्यांवर आलंय.”

“कशाला कापाकापी करता त्यांची? थेंबाने होतंय ना.”

“कसं होतंय?”

“ते मला काय विचारता? मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही पण होतात तिथे.”

“होते. पोस्टमनकाकांना दिसलं, हे मी पण पाहिलं. का दिसलं ते मला अजून कळलेलं नाही.”

“मग मान्य करा की चमत्कार आहे.”

“कळलेलं नाही म्हणजे कळलेलं नाही, शेठ. त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं?”

शेठ हसले. “हेच तुमचं चुकतं. तुम्ही आम्हाला काय दाखवता? कुठल्याशा वस्तीतल्या म्हाताऱ्याचा फोटो, डोळ्याला पट्टी बांधलेला. त्याला नंतर दिसलं की नाही, देवाला ठाऊक. इथे माणूस माझ्यासमोर उठून वाचतो. देणाऱ्याला काहीतरी बघायला मिळायला नको?”

या बोलण्यात तथ्य आहे असं वाटून तिला आणखी चीड आली. गेल्या वर्षी सदतीस लोकांना दिसायला लागलं. ते आपापल्या घरी गेले आणि कामाला लागले. तांदूळ निवडले, नातवंडं ओळखली, रस्ता ओलांडला. त्यावर टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, कारण ते बघायला कुणी गेलंच नाही.

त्या आठवड्यात यादी गळायला लागली. सुतार म्हणाला, आधी थेंब घेऊन बघतो. धोबीण म्हणाली, सुरी कोण लावून घेईल. एकाने तर तिला दारातच सुनावलं, “तुमची ऑपरेशनं बंद पडतील म्हणून तुम्हाला पोटदुखी.” ऑपरेशन केल्याबद्दल ताईला एक पैसाही मिळत नव्हता. पण हे सांगायला तोंड उघडलं की खोटं बोलल्यासारखं वाटायला लागे. बेचाळीसाची यादी एकोणीसवर आली. फिरत्या गाडीच्या व्यवस्थापकाने फोनवर सांगितलं, “तिसाच्या खाली नावं असली तर गाडी पाठवता येत नाही, ताई. आणि भिंगांचे पैसेही नाहीत म्हणता. पुढच्या वर्षी बघू.”

पुढच्या वर्षी. यादीतलं पहिलं नाव होतं तिच्या आत्याचं.

आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं होतं. शर्टांना काजं करून आणि बटणं लावून तिला शिकवलं होतं. आत्याचा डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला होता. आता उजव्यात मोतीबिंदू पिकत होता. त्या डोळ्याची आणखी एक भानगड होती. डोळ्यात जे पाणी तयार होतं त्याला बाहेर जायची वाट तिच्या डोळ्यात जन्मतःच अरुंद होती. ती वाट बुजली की आतला दाब चढतो आणि डोळा जातो. डावा तसाच गेला होता. मोतीबिंदू काढला की वाटही मोकळी होणार होती. तोपर्यंत डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, आपल्याला विचारल्याशिवाय या डोळ्यात कसलाही थेंब घालायचा नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात नऊ महिन्यांची रांग होती, म्हणून सगळी भिस्त शिबिरावर होती.

“शिबिर होणार नाही म्हणतात,” आत्या म्हणाली. तिच्या मांडीवर शर्ट होता, पण सुई नुसतीच हातात होती.

“मी बघतेय ना.”

“दादा म्हणत होता, एकदा बाबांकडे...” दादा म्हणजे आत्याचा मुलगा. तो बेकरीची गाडी चालवायचा आणि सकाळची फेरी झाली की थिएटरवर रांगा लावायची सेवा करायचा.

“दादाला अक्कल नाही. तू तिथे पाऊल टाकायचं नाहीस.”

“पोस्टमनला दिसलं म्हणे.”

“आत्या, किती वेळा तेच तेच सांगू? दिवसभर बाहेर लोकांशी डोकं फोडायचं आणि घरी येऊन पुन्हा तुझ्याशी?”

आत्याने सुई शर्टात टोचून ठेवली. मग म्हणाली, “तुला काय बाई, तुला दिसतंय.”

ताई उठून आत गेली. पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं, की त्या वेळी शेजारी बसून, चिडचिड न करता, ती पाण्याची वाट आत्याला पुन्हा एकदा नीट समजावली असती तर. पण ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला समजावण्यापेक्षा ओरडणं सोपं जातं.

शेवटचा प्रयत्न म्हणून ती दोन दिवस वस्त्यांवर गेली, गळलेली नावं परत जमवायला. सहा जमली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळ्यावर ओला रुमाल, उशाशी पातेलं. खोलीत ओकारीचा वास होता आणि दादा शेजारी बसून पंख्याने वारा घालत होता.

“काय झालं?”

“काही नाही,” दादा म्हणाला. “पाप जळतंय. बाबांनी सांगितलंच होतं, ज्याची साय जाड त्याला दुखणार.”

तिने रुमाल उचलला. डोळा लालभडक, बुबुळ धुरकटलेलं, आणि मधली काळी बाहुली फाकून तशीच राहिलेली. टॉर्च मारला तरी ती हलेना. पापणीवरून बोट लावलं तर डोळा दगडासारखा लागला.

“कधी घेतला थेंब?”

“काल सकाळी,” आत्या पुटपुटली. “रागावू नकोस. काल मला दिसलं गं. समोरच्या दुकानाची पाटी वाचली मी. तुला दाखवणार होते.”

“काय केलं त्यांनी? नीट सांग.”

“मान मागे टाकायला लावली. वर बघा म्हणाले. खालची पापणी ओढून थेंब टाकला. मग इथे, नाकापाशी, डोळ्याचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि काहीतरी मोजत बसले.”

ताईचा हात तिथेच थांबला.

डोळ्यात थेंब टाकल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा असतो. तिथून एक नळी घशात उतरते. दाबलं नाही तर औषध तिकडे वाहून जातं, तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते. हे डोळ्यांच्या कामातल्या माणसांना माहीत असतं, दुसऱ्या कुणाला नाही. तेज देणाऱ्याला घशात उतरणाऱ्या नळीची काळजी करायचं काय कारण?

आणि मग बाबांचा माइकमधला आवाज आधी कुठे ऐकला होता, ते तिला आठवलं. पहिल्या दोन शिबिरांच्या वेळी एक माणूस सायकलला कर्णा बांधून वस्त्यावस्त्यांतून दवंडी द्यायचा. त्याला सगळे भोंगेवाला म्हणत. शिबिरात हात कमी पडले म्हणून तिने त्याला थेंब टाकायला शिकवलं होतं. मान मागे, वर बघा, कोपरा दाबा, साठपर्यंत मोजा. तपासणीआधी बाहुली मोठी करण्यासाठी टाकायचे ते थेंब. आत्यासारख्या डोळ्यात मात्र बाहुली फाकली की पाण्याची ती अरुंद वाट बुजते. टाकले की रोग्याला अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसवायचं. तेव्हा एक म्हातारी बाकावरून आनंदाने ओरडली होती, मला दिसतंय. ताईने तिला हसून समजावलं होतं, आजी, ते थेंबामुळे, आठवड्याभरात जाईल. भोंगेवाला शेजारीच उभा होता. ती एकाला समजावत होती आणि दुसरा शिकत होता. शिबिरानंतर कपाटातल्या काही बाटल्या कमी भरल्या, तेव्हा तिने फुटल्या म्हणून सोडून दिलं होतं. नंतर तो दिसेनासा झाला. आता दाढी वाढवून परत आला तर त्याला ओळखणार कोण? ज्यांनी त्याला तेव्हा पाहिलं होतं, त्यांतल्या बहुतेकांना तेव्हा दिसतच नव्हतं.

“गाडी काढ,” ती दादाला म्हणाली.

“बाबांना विचारल्याशिवाय...”

“दादा, आत्याचा डोळा जातोय. हा एकच आहे तिला. गाडी काढ.”

बेकरीच्या गाडीत पावाच्या रिकाम्या ट्रेंच्या मधल्या जागेत आत्याला निजवून ते दोन तासांनी जिल्ह्याच्या इस्पितळात पोचले. डॉक्टरीणबाईंनी औषधं चढवली, दाब उतरवला. संध्याकाळी त्यांनी ताईला बाजूला घेतलं.

“डोळा काढावा लागणार नाही. पण दिवसभर दाब चढलेला होता, आतली नस दुखावली आहे. मोतीबिंदू काढल्यावर किती उरलंय ते कळेल. कालच आणलं असतंत तर पूर्ण वाचली असती.”

दादा दारातच उभा होता. त्याने ते ऐकलं आणि तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला.

पुढच्या रविवारी थिएटर पुन्हा भरलं. स्टेजवरच्या वीस जणांत एक बाई तोंडाला ओढणी गुंडाळून बसली होती. बाबा एकेकाची मान मागे टाकत तिच्यापर्यंत आले.

“बोल माते, कुठला डोळा?”

“डावा.” तिने हळूच सांगितलं.

बाबांनी थेंब टाकला, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून ओठ हलवायला लागले. थोड्या वेळाने बोट उचललं.

“पन्नासच झाले,” ती बाई म्हणाली. “तू नेहमीच पन्नासला सोडायचास. साठ सांगितले होते मी.”

तिने ओढणी काढली.  बाबांनी सेवकांना खूण केली, पण पुढच्या रांगेतून शेठ उठले. “राहू द्या बाईंना. घेतलाय ना थेंब? मग अर्धा तास बसू देत. चमत्कार काय तो त्यांनाही कळू दे.” शेठना खरंच वाटत होतं, की आज चष्मेवालीचं मतपरिवर्तन होणार.

तो अर्धा तास तिला फार लांब गेला. बाबा तेजावर बोलत राहिले, पण दर दोन वाक्यांनी घसा खाकरत होते. शेवटी टाळी वाजली. ताई उठून उभी राहिली.

“दारांचे पडदे काढा.”

“नाही,” बाबा गरजले. “ऊन लागलं की तेज जळतं.”

“का जळतं? सूर्याला तेजाचं वावडं आहे का?”

मागे कुणीतरी हसलं. दादाने जाऊन एका हिसक्यात दोन पडदे खाली ओढले. ऊन सरळ स्टेजवर आलं आणि वीसच्या वीस जणांनी डोळ्यांवर हात घेतले. ताईने फक्त डाव्या डोळ्यावर घेतला.

“पोस्टमनकाका, तुम्ही या. माझे दोन्ही डोळे बघा आणि माइकमध्ये सांगा.”

पोस्टमनकाका नाइलाजाने आले. त्यांचं तेज आठवड्याभरात उतरलं होतं आणि आज दुसरा थेंब घेतल्यावर त्यांना पुन्हा थोडं दिसत होतं. त्यांनी खूप जवळ जाऊन बघितलं. “उजव्यातली काळी बाहुली एवढीशी आहे, मोहरीएवढी. डाव्यातली...” ते थांबले. “डाव्यातली कोटाच्या बटणाएवढी झालीय.”

“शेठ, तुम्ही तुमच्या हातातलं वर्तमानपत्र माझ्यासमोर धरा. उजव्या डोळ्याने वाचते.” तिने घडाघडा दोन ओळी वाचल्या. मग उजवा डोळा झाकला. “आता अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. माझा हा डोळा चांगला होता, त्याला कसलीही साय नव्हती. थेंबाने त्याचं वाचणं गेलं.”

“एका डोळ्यात श्रद्धा, एका डोळ्यात शंका!” बाबा माइकवर झेपावले. “म्हणून एकच उघडला.”

आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. ताईला वाटलं, डबा इथेच टाकावा आणि घरी निघून जावं. माणसाच्या डोळ्यात बोट घालून दाखवलं तरी तो बोटाच्या पाया पडणार असेल तर करायचं काय?

पण ती गेली नाही. ती म्हणाली, “काका, तुमच्या खिडकीच्या काचेवर बरोबर मध्यभागी डाग पडलाय आणि पडदा दोन्ही बाजूंनी ओढलेला आहे. मधल्या फटीतून बघाल तर काय दिसेल?”

“डाग.”

“पडदे बाजूला सारले तर?”

पोस्टमनकाका विचार करत म्हणाले, “डागाच्या बाजूने बाहेरचं दिसेल.”

“तुम्हाला तेच दिसलं. तुमचा मोतीबिंदू मधोमध आहे. थेंबाने बाहुली फाकते आणि तुम्ही डागाच्या कडेने बघता. डाग तिथेच आहे. आठ दिवसांनी बाहुली लहान झाली की पुन्हा डागच. ज्यांची सगळी काच डागाळलीय त्यांना थेंबाने काहीच दिसत नाही. त्यांना हा काय सांगतो?”

“श्रद्धा कमी पडली म्हणून सांगतो,” मागून एक बाई म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

“उजेड सहन होत नाही, तर म्हणे तेज उतरतंय. दुखलं तर पाप जळतंय. उतरलं तर पुन्हा या. प्रत्येक गोष्टीला याच्याकडे नाव आहे, उपाय एकालाही नाही.”

“आणि दुखलं ते माझ्या आईला,” दादा म्हणाला. तो स्टेजच्या कडेला उभा होता. त्याला माइक धरायची सवय नव्हती. “मीच आणली होती तिला. मीच रांगेत पुढे घेतली. रात्रंदिवस ओकत होती आणि मी वारा घालत बसलो, पाप जळतंय म्हणून. तिला एकच डोळा होता.”

 दादाने बाबांच्या आसनामागची झोळी उचलली आणि उलटी केली. तिच्यातून प्लास्टिकची लाल टोपणं घरंगळत स्टेजभर पसरली. शेठनी बाबांच्या हातातली चांदीची कुपी ओढून घेतली. चांदीचं नुसतं आवरण होतं, ते निघून हातात आलं. आत औषधाच्या दुकानात मिळते तशी थेंबांची साधी बाटली होती, अर्धं लेबल खरवडलेली.

“बाहुली फाकवणाऱ्या औषधाचं टोपण लाल असतं,” ताई म्हणाली. “चुकून कुणी भलत्या डोळ्यात घालू नये म्हणून. लाल टोपण मला विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे मी याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.”

बाबा मागच्या दाराने निघाले तेव्हा दादा आणि पोस्टमनकाका तिथे आधीच उभे होते. पोलिसांनी भोंगेवाल्याला नेलं. जाताना त्याने ताईला विचारलं, “लोकांना बरं वाटत होतं, तुमचं काय गेलं?”  काय गेलं ते इस्पितळात डोळ्याला पट्टी बांधून बसलं होतं.

एवढं झाल्यावर गाव शहाणं झालं, असं म्हणायची ताईची फार इच्छा होती. पण पंधरा दिवसांत दोघांनी तिला विचारलं, की ते लाल टोपणवालं औषध तुमच्याकडे मिळेल का. शेठनी भिंगांचे पैसे गुपचूप पाठवून दिले, स्वतः आले नाहीत. यादी एकतीसवर गेली आणि महिनाभर उशिरा का होईना, फिरती गाडी आली. पोस्टमनकाकांचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर त्यांनी भर उन्हात उभं राहून दवाखान्याची सगळी पाटी वाचली, अगदी खालच्या फोन नंबरासकट. त्या वेळी तिथे ताई आणि झाडूवाली, दोघीच होत्या.

आत्याचंही झालं. तिला मधलं तेवढं दिसतं, वाटीएवढं. कडा गेल्या त्या गेल्याच. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसतो, पण त्याने पुढे केलेला हात दिसत नाही. काजं करणं सुटलं.

“मग तुझा डबा दे माझ्याकडे,” आत्या म्हणाली. “मला बसूनच राहायचंय, तर बाजाराच्या तोंडाशी बसते.”

आता ती रोज सकाळी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर डबा घेऊन बसते. दादा बेकरीच्या फेरीत तिला सोडतो. लोक थांबतात, कारण तिची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी ती पुन्हा सांगते.

“मला दिसलं होतं,” ती सांगते. “ते काही खोटं नव्हतं. समोरची पाटी मी वाचली. पण का दिसलं, हे विचारायचं राहिलं माझ्याकडून. घरात विचारायला माणूस होतं, तरी राहिलं.”

ऐकणारा हळहळतो आणि खिशात हात घालतो. तेव्हा आत्या डब्याच्या फटीवर आपला हात ठेवते.

“असं टाकू नका. आधी विचारा, हे पैसे जातात कुठे, कुणाच्या डोळ्यात काय घालतात, आणि नंतर त्याला दिसतं का. हिला विचारा. पटलं तर टाका.”

हिला म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या ताईला. मग ताईला उन्हात उभं राहून एकेकाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. एकेक जण दहा-दहा मिनिटं खातो, काही जण ऐकून न टाकताच जातात, आणि डबा पूर्वीपेक्षाही हळू भरतो. तिची चिडचिड होते. पण कुणी विचारलं, तर ती सांगते.